बसव जयंतीच्या सकाळचा आकडा

मी गप्प्या बोलतोय. हसू नका. नाव गप्प्या आणि तरी बोलतोय, असंच आहे ते. हे नाव मला बंडेप्पानं ठेवलं. कागदावर माझं एक इंग्रजी नाव आहे, लांबलचक, निम्मं आकड्यांचं. त्या नावानं मला आजवर कुणी एकदाही हाक मारली नाही.

मी सर्व्हर आहे. गुडघ्याएवढा काळा डबा म्हणा हवं तर. औराद तालुक्यातल्या एका माळावर सात गावांच्या पाणी योजनेची खोली आहे, तिथंच माझं सगळं आयुष्य गेलं. टाकीत पाणी किती, पाइपातून गेलं किती, पाण्यात औषध किती, हे मोजणारी यंत्रं जागोजागी बसवलेली होती. दर मिनिटाला ती मला कळवायची आणि मी लिहून ठेवायचो. बघायचं आणि जपायचं, एवढंच माझं काम. त्यात मी पक्का होतो, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. सहा वर्षांत मी एक डुलकी घेतली नाही. तुमच्यापैकी किती जणांना असं म्हणता येईल, सांगा बघू!

माझा जन्म कुठला ते मला धड माहीत नाही. कुठल्यातरी परदेशी कारखान्यात, हजारभर भावंडांबरोबर. मग बंगळुरूच्या एका गोदामात सहा महिने पडून होतो. तिथून टेम्पोत घालून बिदर, आणि बिदरहून औरादच्या रस्त्याला. त्या रस्त्यानं माझे स्क्रू ढिले केले. ते महांतेश साहेबांनी स्वतः आवळले.

महांतेश साहेब योजनेचे इंजिनियर. अंगानं बारीक, आणि चेहऱ्यावर सदान्कदा काळजी. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हे मेलं तर?" पंप दिसला की "हा मेला तर?" तार दिसली की "ही तुटली तर?" मला टेबलावर ठेवून झाल्यावर माझ्याकडे बघूनही तेच म्हणाले.

बंडेप्पा दारात उभा होता. तो म्हणाला, "सायेब, जरा चांगलं बोला की वो. आत्ताच मशीन घरात आलंय, आन तुमी मरणाचं काय काढलाव?"

बंडेप्पा योजनेचा पंपवाला. त्यानं त्या माळावर सव्वीस वर्षं काढली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल, आणि बोलायला सतत कुणीतरी हवं. खोलीत दुसरं कुणी नसलं की माझ्याशी बोलायचा. सुरुवात मराठीत, राग आला की कन्नडात, आणि शिवी द्यायची झाली की दखनीत. मी उत्तर देत नाही म्हणून त्यानं मला गप्प्या केलं. "तू बरा हाईस बग गप्प्या," म्हणायचा, "माजी बायको तुज्यासारकी आसती तर मी येळेवर घरी गेलो आसतो." आणि आपणच हसायचा. बायको जाऊन त्याला बारा वर्षं झाली होती.

रोज सकाळी साडेसहाला तो मोठ्या टाकीवर जायचा. तिथं पिंपात ब्लिचिंग पावडर कालवलेली असायची. गावं तिला औषधच म्हणतात. पिंपाची तोटी सोडायची, औषध पाण्यात मिसळू द्यायचं आणि मग मोठा व्हॉल्व्ह उघडून पाणी गावांना सोडायचं. टाकीच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र लगेच मला आकडा द्यायचं. औषध पडलं असेल तर आकडा चढायचा, पडलं नसेल तर शून्य. इतकं ते सोपं होतं.

महांतेश साहेबांच्या "हे मेलं तर?" मधूनच माझा जोडीदार आला. अगदी माझ्यासारखाच डबा, पण सत्तर किलोमीटरवर, हळ्ळीखेडच्या आमच्या दुसऱ्या खोलीत. वेगळं गाव, वेगळी वीज, म्हणजे दोघांवर एकदम संकट यायला नको. मी लिहिलेलं सगळं दर तासाला त्याच्याकडे जायचं. मी पडलो तर मिनिटाभरात त्यानं उभं राहायचं आणि माझं काम पुढे चालवायचं. आकडा एकही हरवायचा नाही. साहेबांनी हे सगळं मराठीत आणि कन्नडात तीन कागदांवर लिहून माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवलं. त्यात दोन गोष्टींखाली लाल रेघ होती. दर शनिवारी हळ्ळीखेडला जाऊन जोडीदाराचा पडदा डोळ्यांनी बघायचा. आणि दर सहा महिन्यांनी मला मुद्दाम बंद करून तो खरंच उभा राहतो का ते बघायचं.

पहिल्यांदा ते बघितलं त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हातानं माझी वायर उपटली. मी मेलो. पुढचं ऐकीव आहे. चाळीस सेकंद साहेब घड्याळाकडे बघत होते. मग फोनवर हळ्ळीखेडचा वॉचमन प्रभुलिंग ओरडला, "चालू आत री! चालू आत!" झालं चालू. साहेब आयुष्यात पहिल्यांदा हसले म्हणतात. वायर परत लावल्यावर मला पहिला आवाज ऐकू आला तो बंडेप्पाचा. माझ्या डोक्यावर थोपटत म्हणत होता, "लई येळ मेलतास की रे."

वर्षाच्या आत महांतेश साहेबांची बदली झाली. काही बिघडलं तर माझ्याकडून जो संदेश फोनवर जायचा, तो त्यांच्याच नंबरवर जायचा. ते गेले, नंबरही त्यांनी बदलला. माझ्या पोटात मात्र जुनाच नंबर राहिला. तो बदलायला हवा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणूस निघताना त्याला शाल देतात, हार घालतात, आणि त्याच्याकडून काय काय काढून घ्यायचं ते विसरून जातात.

त्यानंतर माझ्यासमोर खुर्चीवर बसली ती जगदेवी. औरादजवळच्या पिराजी धनगराची लेक, करारावर लागलेली. तिच्या घरात खुर्चीत बसून काम करणारी ती पहिलीच. पहिला महिना ती खुर्चीच्या टोकावर बसायची, पूर्ण टेकायचीच नाही. काम मात्र चोख. बंडेप्पाला ती अप्पा म्हणायची, आणि तो तिच्यासाठी रोज शेंगाचटणीतली निम्मी काढून ठेवायचा.

सहा महिने झाले तेव्हा भिंतीवरचा कागद वाचून ती म्हणाली, "अप्पा, मशीन बंद करून बगायचंय आज."

"कामून?"

"लिवलंय की वो सायबांनी."

"आगं, चालत्या मशीनीला कामून हात लावायलीस? नीट चाललंय न्हवं ते? जितं जनावर मारून कुनी बगतंय का, परत उटतंय का न्हाई म्हनून?" त्यानं माझ्यावर टॉवेल टाकला, जणू मला कुणाची नजर लागणार होती. "पुडल्या बारीला बग."

पुढची बारी कधी आलीच नाही. खरं सांगू? मला त्या दिवशी बरं वाटलं. कुणाला आवडतं हो मरून दाखवायला! बंडेप्पाच्या मायेवर मी तेव्हा खूश होतो. आज त्या मायेचीच मला चीड येते, आणि चीड आली की रडू येतं.

शनिवारचंही तसंच झालं. जगदेवी दोनदा बसनं हळ्ळीखेडला जाऊन आली. सगळा दिवस त्यात जायचा, आणि इकडे गावांचे फोन घ्यायला कुणी नसायचं. मग तिनं प्रभुलिंगला फोन करायला सुरुवात केली. "अण्णा, कॉपी आली का?" तो पडद्याकडे बघून सांगायचा, "बंदद." ही वहीत लिहायची, "आली." खाली सही.

आता तो शब्द सांगतो, ज्यानं आमचं वाटोळं केलं. आमच्याकडे माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. कन्नडात 'बंदद' म्हणजे आलंय. आपलं मराठी 'बंद' तिकडेही बंदच. त्याला 'अद', म्हणजे 'आहे', जोडलं की होतं 'बंद अद'. बंद आहे. तोंडात तंबाखूचा बार भरून फोनवर दोन्ही म्हणून बघा आणि मला सांगा काय फरक ऐकू येतो ते.

माझ्या सहाव्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, हळ्ळीखेडच्या खोलीत रंगकाम निघालं. रंगाऱ्यांनी जोडीदाराची वायर काढली, त्याच्यावर पोतं टाकलं, भिंती निळ्या केल्या आणि निघून गेले. वायर परत कुणी लावली नाही. मशीनला हात लावायचा नाही, असं प्रभुलिंगला महांतेश साहेबांनी बजावलेलं होतं, म्हणून त्यानं हात लावला नाही. शनिवारी फोन आला की तो इमानदारीनं सांगायचा, "बंद अद." जगदेवी ऐकायची, "बंदद." ती इमानदारीनं लिहायची, "आली." त्याला वाटायचं, आपण सांगतोय, वरचे लोक येतील बघायला. हिला वाटायचं, सगळं पोचतंय. दोघांनीही एक अक्षर खोटं केलं नाही. असे अठ्ठावीस शनिवार गेले.

आणि मी? मला माहीत होतं. दर तासाला मी हळ्ळीखेडचं दार ठोठावत होतो, आणि तिथून ओ येत नव्हती. मी ओरडत होतो हो! पण माझं ओरडणं म्हणजे काय, तर आत एका फायलीत इंग्रजीत एक ओळ लिहायची, 'पोचलं नाही' म्हणून. ती फाइल उघडायची असते हे जगदेवीला कुणी शिकवलंच नव्हतं. हजारो ओळी लिहिल्या मी. बंडेप्पा मला गप्प्या म्हणायचा ते काय उगाच नव्हे.

मग बसव जयंती आली. जगदेवी सुट्टीवर घरी गेली होती. सकाळी बंडेप्पा नवं धोतर नेसून खोलीत आला. घाईत होता. सात गावांपैकी शेवटच्या गावात त्याची थोरली बहीण लक्ष्मम्मा राहायची. तिनं त्याला जेवायला बोलावलं होतं. आई लहानपणीच गेलेली, बहिणीनंच त्याला वाढवलेलं. 'अक्का' म्हणताना या साठीच्या माणसाचा आवाज अजून लहान व्हायचा.

"गप्प्या, आज अक्कानं हुग्गी केलीय," म्हणाला. "गव्हाची खीर, गूळ घालून. तुला काय कळतंय म्हना त्यातलं." किल्ल्या घेतल्या आणि टाकीकडे गेला. टाकी खोलीतून दिसत नाही. थोड्या वेळानं व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला, पाणी निघालं आणि तोही मोटारसायकलवर निघून गेला.

तोटी सोडली होती का त्यानं? टाकीच्या तोंडाशी असलेल्या यंत्रानं मला त्या मिनिटाचा आकडा दिला. मी तो लिहिला. नेहमीसारखाच लिहिला, त्यात विशेष ते काय! कुणाला ठाऊक होतं की पुढं एका माणसाचा सगळा जन्म त्या एका आकड्यावर येऊन थांबणार आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. एकोणीस माणसं आजारी पडली. त्यातली अठरा बरी झाली. लक्ष्मम्माला बिदरला नेत होते, ती वाटेतच गेली.

तिची माती झाली त्या दिवशी जगदेवी जुलाबावरच्या पुड्या घेऊन त्या गावातच होती. बंडेप्पा बहिणीच्या मातीला गेला होता. खोलीला कुलूप होतं. दुपारी वीज गेली आणि परत आली ती भलत्याच जोरानं. बाहेर खांबावर न्यूट्रलची तार तुटली होती. मला सांभाळायला एक बॅटरीची पेटी होती, पण ती सारखी पी-पी करते म्हणून कुणीतरी माझी वायर केव्हाच थेट भिंतीला लावून दिलेली. एक चटका बसला. धूर झाला. माझ्या दोन्ही तबकड्या, जिथं मी सगळे आकडे ठेवायचो, जळून गेल्या.

माणसांचे आवाज मला अजून आठवतात. ते कुठं साठतात, कोण जाणे. पण आकडे गेले. माझ्यापाशी होतं ते सहा वर्षांचं सगळं गेलं. आणि त्यातलं मला बाकी काही नको होतं हो, तो एक आकडा तेवढा राहायला हवा होता.

चौकशी लागली. चौकशीचे साहेब आले. शेवटच्या गावात गटाराजवळ पाइपाला चीर सापडली. पण ते म्हणाले, घाण त्या चिरेतून शिरली की पाणीच औषधाशिवाय सुटलं, हे टाकीवरचा आकडा बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. सगळे म्हणाले, मग काळजी कसली? हळ्ळीखेडला नक्कल आहे की! जगदेवीनंच ते सगळ्यांत जोरात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती निघाली.

हळ्ळीखेडला काय झालं ते तिनं परत आल्यावर बंडेप्पाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. निळ्या खोलीत पोत्याखाली जोडीदार थंडगार पडला होता. ती प्रभुलिंगवर धावून गेली, "अण्णा, दर शनिवारी आली म्हनत होतासा की वो!" तो घाबरून म्हणाला, "अल्लवा, तसं न्हवं, मी बंद अद म्हनत होतो. दर टायमाला म्हनलो." मग ती तिथंच जमिनीवर बसली.

परत येऊन तिनं माझ्या जळक्या तबकड्या काढल्या, ओढणीत गुंडाळल्या आणि हैदराबादला एका दुकानात घेऊन गेली. तिथला माणूस तबकडी उजेडात धरून म्हणाला, "इसमें कुछ नहीं बचा, बहन."

ती आली तेव्हा बंडेप्पा खोलीतच बसला होता. तिनं काही सांगायची गरज पडली नाही. तोच हळूच म्हणाला, "जगू, मला आठवंना गं."

"काय आठवंना अप्पा?"

"तोटी सोडलो का न्हाई ते. सव्वीस वर्सं झाली, रोज सोडतोय. हात आपोआप जातोय. त्या दिवसाचं येगळं करून बगायलोय, तर समद्या सकाळी एकच दिसायल्यात. गडबडीत होतो मी. अक्काची हुग्गी डोक्यात होती." त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. "तेच पानी मी बी प्यालो तिच्या घरात. तिच्याच तांब्यानं. मला काय बी झालं न्हाई. मलाच कसं काय झालं न्हाई गं?"

जगदेवीला रडू आवरेना. मी असून नसल्यासारखा टेबलावर पडून होतो.

आठव्या दिवशी चौकशीचे साहेब खोलीत आले. लक्ष्मम्माचा मुलगा मृत्युंजय आला, तिकडच्या गावची चार माणसं आली. साहेबांनी विचारलं, "नक्कल कुठे आहे?" हळ्ळीखेडला मिळाली नाही, एवढंच जगदेवी म्हणाली. साहेब म्हणाले, "मग नोंदवही दाखवा. नक्कल येत होती की नव्हती, ते वहीत असेल."

वही जगदेवीच्या मांडीवर होती. अठ्ठावीस शनिवार, 'आली', 'आली', 'आली', आणि प्रत्येकाखाली तिची सही. त्यांतली एकही नक्कल आली नव्हती. ती वही उघडली असती तर खोट्या नोंदी म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, आणि वर पोलिसांत नाव गेलं असतं. एका शब्दाचा घोळ झाला, हे कोण ऐकून घेणार होतं? तरी ती उठली. वही द्यायलाच उठली होती ती, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात बंडेप्पा म्हणाला, "सायेब, वही ऱ्हाऊ द्या. कामून उगं शोधायलाव? मी औषध सोडलो न्हाई. गडबडीत इसरलो. माझी चूक हाय."

साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की?" त्यानं दोनदा मान हलवली. लिहून घेतलं, त्यानं खाली सही केली. अक्षर त्याचं नेहमी मोठं आणि वाकडं, त्या दिवशी अगदी सरळ आलं.

मृत्युंजय उठला. मामाच्या समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हात उचलतो. पण तो एवढंच म्हणाला, "आईच्या हातची हुग्गी दोनदा मागून घेतलाव मामा त्या दिशी." आणि निघून गेला. त्यानंतर त्या घराचं दार बंडेप्पासाठी उघडलं नाही. गावात लहान पोरंही त्याला बघून 'अक्काला मारलेला' म्हणायला लागली.

सगळे गेल्यावर जगदेवीनं त्याचे पाय धरले. "अप्पा, माझ्यासाठी खोटं बोललाव तुमी. मी उद्या जाऊन सगळं सांगते सायबाला."

त्यानं तिला उठवलं. "खोटं कशावरनं?" म्हणाला. "खरं बी आसंल की पोरी. मला तरी कुटं ठावं हाय? तू सांगून काय करायलीस? आकडा गेला. आता तू बी जाऊन काय हुनार हाय?"

जगदेवी गेली नाही. तिला भित्री म्हणू नका. घरी म्हातारे आईबाप आहेत, आणि त्या म्हाताऱ्यानं आपलं नाव घालून वाचवलेली नोकरी ती फेकणार कशी? पण त्या दिवसापासून ती पुन्हा खुर्चीच्या टोकावर बसायला लागली.

बंडेप्पाला कामावरून काढलं. शेवटच्या दिवशी किल्ल्या द्यायला आला तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग माझ्यासमोर खाली बसला, अगदी माझ्या तोंडाशी तोंड आणून. सहा वर्षं तो माझ्याशी बोलला, पण उत्तराची वाट बघत कधी बोलला नव्हता. त्या दिवशी बघत होता.

"गप्प्या," म्हणाला, "कुनी न्हाई हितं. मला एकट्याला सांग. सोडलो होतो का रे मी?"

मी सांगू शकलो नाही. तोंड नाही म्हणून नव्हे. माझ्यापाशीच ते नव्हतं. ज्या एका माणसानं मला माणसासारखं वागवलं, त्यानं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि तीच जपायला मला इथं बसवलेलं होतं. तो बराच वेळ थांबला. मग उठला, टॉवेल झटकला आणि गेला.

आता मी मागच्या खोलीत ब्लिचिंगच्या पोत्यांशेजारी पडून आहे. माझ्या जागी नवा आलाय. हळ्ळीखेडलाही नवा आहे. जगदेवी आता फोन करत नाही. दर शनिवारी बसनं जाते, जोडीदाराच्या पडद्यासमोर उभी राहून शेवटचा आकडा स्वतः वाचते, आणि महिन्यातून एकदा इथली वायर स्वतःच्या हातानं उपटते. परवा नवा पंपवाला तिला म्हणाला, "म्याडम, चांगलं चाललंय की, कामून बंद करायलाव?" ती त्याच्यावर अशी ओरडली की तो बाहेर जाऊन बसला. हे सगळं ती तेव्हाच करती तर, असं म्हणायला सोपं आहे. मीही कितीदा म्हणतो आणि मग माझीच मला लाज वाटते.

उद्या भंगारवाला येणार आहे. जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या दवाखान्यात, बँकेत, पाण्याच्या टाकीवर माझ्यासारखा कुणी असेलच. त्याच्या जोडीदाराची चौकशी फोनवर करू नका. तिथं जा, हात लावून बघा. तो चालू असला तरी एकदा याला बंद करून बघा, तो उठतो का. भिंतीवरच्या कागदावर ज्यांची नावं आहेत ती माणसं अजून तिथंच आहेत का, ते बघा. आम्हाला जीव लावू नका, आमची परीक्षा घ्या.

आणि दुसरं मागणं माझ्यासाठी आहे. मला खोलतील, माझे तुकडे होतील, एखादा तुकडा कुणा हुशार माणसाच्या हाती लागेल. त्यात काही शिल्लक नाही असं हैदराबादचा माणूस म्हणाला खरा. पण तो चुकला असेल, आणि तुम्हाला बसव जयंतीच्या सकाळचा, साडेसहा नंतरचा तो आकडा कुठं सापडलाच, तर तो चौकशीवाल्यांना देऊ नका. आधी बंडेप्पाकडे जा. माळाच्या पायथ्याला तिसरं घर, दार उघडंच असतं. आकडा चढलेला असला तर सांगा. शून्य असला तरी सांगा.